ऑईल न पिणारी मोटार

पेट्रोलचा वास आला की वर्ध्यातली ती काळी मोटार अजूनही डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होता आणि मी तिथे नुकताच ठाणेदार म्हणून रुजू झालो होतो. खून, दरोडे पुढे पुष्कळ पाहिले, पण या साध्या चोरीच्या तपासाने मला जे शिकवलं ते त्यांनी शिकवलं नाही.

फिर्यादी कापसाचे व्यापारी होते. नाव सांगत नाही, शेठजी म्हणू. संस्थानं गेली तेव्हा एका राजघराण्याने विकायला काढलेली विलायती मोटार त्यांनी हौसेने घेतली होती. आत मखमली गाद्या, पुढे चकचकीत निकेल, आणि लांबी अशी की बाजारातल्या वळणावर टांगेवाल्यांना टांगे मागे घ्यावे लागत. राजाने ती का विकली, हे मात्र शेठजींनी विचारलं नव्हतं. आमच्या रस्त्यांवर तिच्या स्प्रिंगची पानं मोडायची. टायर मुंबईहून मागवावे लागायचे. चढ लागला की पाणी उकळायचं, आणि बॅटरी उतरली की त्यांच्या कापसाच्या जिनातले हमाल ढकलायला यायचे. घेताना मोटार स्वस्त पडली होती, पोसताना घाम फुटत होता. शेठजी हे कुणाजवळ कबूल करत नसत.

एके दिवशी ते तणतणत ठाण्यात आले. "ठाणेदारसाहेब, माहा ड्रायव्हर पेट्रोल चोरून राह्यला. टाकी भरली का पाहता पाहता खाली!"

"गाडीतच काही बिघाड नाही ना?" मी विचारलं.

"अजी, काय बोलता! राजाची गाडी हाये. इंजिन ऑईलचा थेंब पीत नाई. मी सोता ऑईल मोजाची पट्टी काढून पाह्यतो ना."

नोकराने मालकाच्या घरी केलेली चोरी कायद्यात जास्त गंभीर धरतात. फिर्याद नोंदवली, रोजनामच्यात घेतली आणि खबऱ्यांना कामाला लावलं. लवकरच एकाने खबर आणली. "साहेब, आंजीच्या रस्त्यानं तो गाडी बाभळीच्या आड घेते न् डबा घेऊन उतरते. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

झालं! एवढं हाताशी आल्यावर आमचा हवालदार मिशीला पीळ देऊ लागला. मी ड्रायव्हरला ठाण्यात बोलावलं.

माणूस पन्नाशीकडे झुकलेला, कपडे जुने पण धुतलेले. त्याच्या मुलीचं लग्न बोरगावच्या एका घरात ठरलं होतं, साखरपुडा तोंडावर आला होता. चोरीचा बोभाटा झाल्यापासून मुलाकडच्यांनी मात्र येणं-जाणं बंद केलं होतं. मी आधी गोडीने विचारलं, मग आवाज चढवला. माझा आवाज चढला की ठाण्याबाहेरचे लोक रस्ता बदलत. हा गडी मान खाली घालून गप्पच. माझा अनुभव असा, की चोर सहसा फार बोलतो, आणि गप्प बसणारा बहुधा दुसऱ्या कुणाला तरी झाकत असतो. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो, हवालदाराला बाहेर पाठवलं.

"डब्यात काय असतं?"

"पाणी, साहेब."

"पाणी ओतायला बाभळीच्या आड? मला काय खुळा समजतोस?"

तेव्हा त्याचा बांध फुटला. "मालकाचा हुकूम हाये जी. गाडी तापलेली कोणाले दिसू देजो नको म्हणे. वाफ निघाली का लोक हासतात. मंग मी आडोशाले घेतो, थंडी होऊ देतो, पाणी टाकतो."

"मग हे आधी काऊन नाही सांगितलं?" मीही त्याच्याच बोलीवर आलो.

"मालकाचं मीठ खाल्लं जी. पण आता पोरीचं लगन मोडून राह्यलं, साहेब. पोरगी दोन दिवसापासून जेवली नाई. मले काई झालं तरी चालते, तिनं काय केलं?"

मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून तपास होत नाही. पेट्रोल जात होतं हे खरं होतं. ते कुठे जात होतं, हे शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शेठजींच्या देखत टाकी तोंडापर्यंत भरली. टाकीला सील करा म्हणालो, तर आमचे हवालदार लाखेची कांडी आणि पेटती मेणबत्ती घेऊन हजर! "अरे बाबा, सगळं ठाणं उडवतोस का?" मी ओरडलो. शेवटी झाकणावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी खळीने चिकटवली. आरोपीला ठाण्यात बसवलं. चाकावर पोलीस लाइनीतला आमचा ड्रायव्हर, मागे मखमलीवर शेठजी, पंच आणि मी. केळझरला जाऊन परत यायचं ठरलं.

गाडी चालायला सुरेख, खोटं कशाला बोलू. पण केळझरला पोचता पोचता पुढून वाफेचा फवारा उडाला. इंजिन थंड होईपर्यंत पंचांनी गणपतीचं दर्शन उरकलं. शेठजी तेवढा वेळ गाडीकडे पाठ करून उभे होते, जणू ती दुसऱ्या कुणाची.

परत येऊन पाहिलं तर चिठ्ठी जशीच्या तशी, आणि टाकी बरीच खाली. वाटेत थेंब गळल्याची खूण कुठे नव्हती. शेठजींचा चेहरा उतरला, पण ऐट उतरेना. "जात असंन थोडं पेट्रोल. पण ऑईल पाहा ना!" असं म्हणत त्यांनी स्वतःच बॉनेट उघडून पट्टी ओढली आणि माझ्या नाकासमोर धरली.

ऑईल खुणेच्याही वर होतं, पाण्यासारखं पातळ. आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता.

"शेठजी, ऑईल कमी होत नाही हे ठीक. वाढतं कसं?"

आमच्या ड्रायव्हरने इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप खोलला. आतला पडदा फाटला होता, आणि त्यातून पेट्रोल सरळ ऑईलमध्ये उतरत होतं. ज्याची फुशारकी शेठजी गावभर मारत होते, तिथेच त्यांचा चोर बसला होता.

पंचनामा झाला, जबाब झाले. गुन्हा घडलाच नाही असा अहवाल मी वर पाठवला. शेठजी मात्र म्हणाले, "तुमच्या कागदात काईही लिहा साहेब, पण गाडी खराब हाये असं गावात सांगू नका."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या गाडीची अब्रू राखायला त्या ड्रायव्हरची पोरगी घरात बसवायची का? लाज वाटत नाही?" ते तडक निघून गेले.

नंतर बोरगावहून मुलाचा बाप मला भेटायला आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं खरं हाये साहेब. पण मंग शेठजी काऊन गप्प हायेत?" मीच मध्ये पडून दोन्हीकडच्या माणसांना ड्रायव्हरच्या घरी एकत्र बसवलं. चहा झाला. पण मुलाकडचे साखरपुड्याचं नाव काढेनात. मुलगी दाराआड उभी होती.

एवढ्यात दारात टांगा थांबला आणि शेठजी उतरले. मोटार घेतल्यापासून ते टांग्यात बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"शेठजी, गाडी कुठं हाये?" मुलाच्या बापाने विचारलं.

शेठजींनी टोपी काढून हातात घेतली. "गाडी खराब हाये," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "घेतली तवापासूनच खराब होती. पेट्रोल तीच पीत होती. मले समजत होतं का काईतरी गडबड हाये, पण बोलाची लाज वाटे. या माणसानं थेंबही घेतला नाई."

त्यानंतरच्या नोकरीत मी फिर्यादीला नेहमी आधी विचारत आलो, की तुमच्या घरात सगळ्यात चांगलं काय आहे? आणि तपासाला तिथूनच सुरुवात करत आलो. पुष्कळदा उपयोग झाला.

त्या दिवशी मुलाच्या बापाने सुपारी पुढे केली. दाराआडून हुंदका ऐकू आला. ड्रायव्हर डोळे पुसत उठला, शेठजींना बसायला पाट दिला आणि हळूच म्हणाला, "इतकी काई खराब नाई जी ते, मालक. पंपाचा पडदा बदलला का मस्त चालते."