किटलीतला कापूस

परवा ताई माहेरी आली आणि आम्ही दोघींनी लहानपणी अर्धवट राहिलेला एक गेम संपवला. हो, गेमच. चाळिशीला टेकलेल्या दोन बाया, बेला गावातल्या घरी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या...

त्या जुन्या गेमची नवी, स्वच्छ चित्रांची आवृत्ती आली आहे. त्यात मारामारी नाही, गोष्ट आहे. बंद पडलेल्या गिरणीत एक मुलगी आजोबांना शोधते. आपण क्लिक करत वस्तू उचलायच्या आणि कुठे काय वापरायचं ते डोकं लावून शोधायचं.

लहानपणी काकांनी आदिलाबादहून जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात हा गेम होता. आम्ही गिरणीच्या अंगणापर्यंत पोचलो आणि तिथंच अडकलो. गिरणीचं वाफेचं इंजिन सुरू करायला पाणी हवं, नळ कोरडे... आणि अंगणात हा एवढा कापसाचा ढीग.

ढिगावर क्लिक केलं की मुलगी इंग्रजीत काहीतरी बोलायची. ताईने डिक्शनरी काढून अर्थ लावला, 'उघड्या हाताने नाही उचलणार'. बरोबरच आहे, बोंडाचं टोक बोटाला टोचतं हे आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणून आम्ही तिला पोतं दिलं, टोपली दिली, दोरी दिली... पोरगी काही हलली नाही.

उन्हाळ्यात हैदराबादचा मावसभाऊ यायचा. त्याने गेम कधीच संपवला होता. "अजून तिथंच का?" म्हणून हसायचा, पण उत्तर काही सांगायचा नाही. आपण दोघी ढ आहोत, हे तेव्हा माझ्या मनात जे बसलं ते नंतर निघालंच नाही.

म्हणून या वेळी आमचं आम्हीच सोडवायचं ठरलं. नव्या गेममध्ये हिंटचं बटण आहे. माझं बोट तिकडे वळलं की ताई हातावर चापट मारायची. "पाहून केलं तं त्यात आपलं काय राह्यलं?"

अंगण आलं. नव्या चित्रात वरून पांढरं काहीतरी भुरभुरत होतं, ढीग चमकत होता. आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो... बर्फ होता तो. लहानपणी आम्ही तिला बर्फ पोत्यात भरायला लावत होतो.

ताईने मुलीच्या हातात आधी उचलून ठेवलेली किटली दिली. तिने बर्फ भरला, शेगडीवर ठेवला, पाणी झालं, ते इंजिनात ओतलं आणि गिरणी घरघरायला लागली. आम्ही पोट धरून हसलो. पण खरं सांगते, हसता हसता मला रडू आलं. एवढं सोपं होतं...

या गेममध्ये एक बटण दाबलं की जुनं चित्र परत दिसतं. ताईने ते दाबलं आणि बाबांना हाक मारली. बाबांचा सगळा जन्म कापसात गेलेला. "बाबा, हे काय हाय, सांगा बरं."

बाबांनी चष्मा नीट केला. "कापूस हाय. दुसरं काय?" मग जरा पुढे वाकले. "पण असा उघड्यावर काऊन टाकला? दव पडलं तं पिवळा पडन ना."

माझ्या मनातलं ते जुनं ओझं तिथंच उतरलं. आम्ही ढ नव्हतो. कापसाच्या घरच्या पोरी होतो, पांढरा ढीग दिसला की आमच्या डोळ्यांना कापूसच दिसणार. मला त्या दोन लहान पोरींचा फार अभिमान वाटला.

मुलीला आजोबा सापडले. हिंट एकदाही घेतली नाही. शेवटी गेम सेव्ह करताना त्याला नाव द्यावं लागतं. लहानपणी त्या अंगणात अडकलो तेव्हा आम्ही 'कापूस' हेच नाव दिलं होतं.

"आता काय लिहू? बर्फ?" ताईने विचारलं.

"काऊन? कापूसच लिही."

तिने कापूस लिहिलं, स्क्रीनशॉट काढला आणि मावसभावाला पाठवून दिला.