पहिला आलो, हे बाबांना सांगताना

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट असेल. आम्ही सक्करदऱ्याला राहायचो आणि मी एका सरकारी कचेरीत कारकून होतो. बाबा प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर. बोलण्याची त्यांना भारी हौस. संध्याकाळी ओट्यावर बसले की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून गावाकडच्या कापसापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळं बोलून घ्यायचे.

दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, "नाही." पाणी हवं असलं तरी नाही आणि नको असलं तरी नाही. त्यांना कळतं सगळं, फक्त हवा तो शब्द सापडत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून मला अधिकच काही सुचेनासं झालं.

रोज सकाळी जाग आली की ते काहीतरी सांगू बघायचे. आई उशी सरकवायची, खिडकी उघडायची. मी पाय दाबायचो. त्यांचं "नाही, नाही" चालूच. शेवटी थकून भिंतीकडे तोंड करायचे. मला ते पाहवत नसे. मी कॅनव्हासचे बूट चढवून बाहेर पडायचो आणि सक्करदऱ्याच्या तलावाच्या कडेने पळत सुटायचो. पळण्याची आवड वगैरे काही नव्हती. दम लागला की डोक्यातलं तेवढ्यापुरतं थांबायचं.

कचेरीतल्या एका मित्राने मला असं पळताना पाहिलं आणि न विचारताच सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत माझं नाव घातलं. मोहल्ल्यातल्या मंडळाची शर्यत, सक्करदऱ्याहून मेडिकल चौक आणि परत. मी नाही म्हणालो, तर म्हणाला, "काहून भेतं गा? रोज तर पळूनच राहिला."

गेलो. तालमीतली पोरं, कॉलेजातले खेळाडू, सगळे सुरुवातीलाच पुढे निघून गेले. मी रोजच्यासारखा आपल्या चालीने पळत राहिलो. परतताना कोणी पोट धरून कडेला बसलेलं दिसलं, कोणी चालत होतं. मैदानात शिरलो तेव्हा पुढे कोणीच नव्हतं. मला वाटलं, सगळे केव्हाच पोचले. गळ्यात हार पडला तरी माझा विश्वास बसेना.

कप घेऊन घरी आलो. बाबा उशीला टेकून बसले होते. मी कप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "बाबा, मी शर्यतीत पहिला आलो."

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बोलू लागले. नाही, नाही, नाही. पण आवाज अगदी ओट्यावरचा. मध्येच चढायचा, मध्येच खाली यायचा, कुठे थोडं थांबणं, कुठे हसू. काहीतरी लांबलचक सांगत होते. शेवटचं "नाही" त्यांनी प्रश्नासारखं उच्चारलं आणि ते माझ्या उत्तराची वाट पाहू लागले.

मी नुसतीच मान डोलावली. मला काहीच कळलं नाही, हे त्यांना लगेच समजलं. मनगट सोडलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"त्यायले आनंद झाला गा," आई म्हणाली आणि पदराने त्यांचे डोळे पुसले. मी विचारलं, "हो ना, बाबा?" ते म्हणाले, "नाही."

ऐन उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि ते गेले. पुढच्या वर्षी मित्राने पुन्हा नाव घातलं. मी पळालोही, पण मधेच कुठेतरी राहिलो.

बाबांनी त्या दिवशी काय विचारलं असेल, हे मी बऱ्याच वर्षांनी एकदा आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "आणखी कोण कोण पळालं, असं विचारलं असंन."

असेलही.