पेढा सोडून सगळं तयार

आता तोंड उघडतोच. नाहीतर ही गोष्ट तुम्ही सलीमभाईंकडून ऐकाल, आणि ते मीठमसाला लावून सांगतात! तीस वर्षं मी जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांची, अधिकाऱ्यांची फजिती पहिल्या पानावर छापली. माझी स्वतःची मात्र धाराशिवच्या भर बाजारात झाली. तीही माईकवर!

सलीमभाई माझे जुने स्नेही. बेंबळीला त्यांची खव्याची भट्टी. ते दूध आटवणार, रेहानाभाभी पेढे वळणार. पेढा असा, की खाणारा बोलणं विसरतो. पण बांधून देणार कशात? वर्तमानपत्राच्या कागदात! माझा अग्रलेख तुपानं पारदर्शक झालेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

निवृत्त झालो आणि ठरवलं, या माणसाचा ब्रँड करायचाच.

"साहेब, ते करू की सावकाश," सलीमभाई म्हणाले. "आधी दूध, टेम्पो, भट्टी यांची घडी बसू द्या."

"हीच ती वृत्ती!" मी कडाडलो. "याच वृत्तीनं मराठवाडा मागं राहिला!"

सलीमभाई झारा उचलून कढईकडं वळले.

मी धाराशिवला दुकानासाठी गाळा घेतला. सोनेरी डबे छापले. पाटी रंगवली : 'आजचं दूध, आजचाच पेढा.' उद्घाटनाची तारीख ठरली, आणि त्याच दिवसाची पहिली मोठी ऑर्डरही आली. येडशीच्या जाधवमामांच्या लेकीचा साखरपुडा. दुपारी एकचा मुहूर्त. मामा अकराला दुकानातून पेढे नेणार.

"आदल्या दिवशीच करून ठेवतो," सलीमभाई म्हणाले. "पोरीचं कार्य हाय, साहेब. इथं चुकलो तर पंचक्रोशीत तोंड दाखवायला जागा न्हाय."

"खबरदार! पाटी काय म्हणते? वाचा!"

बिचाऱ्यांनी वाचली आणि मान डोलावली.

इथवर ठीक होतं हो. पण मला सुचलं, नुसती फीत कापण्यात काय बातमी? सलीमभाईंना दूध घालणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांचा सत्कार करायचा! शाल, श्रीफळ, फेटा. आणि सलीमभाईंना कळू द्यायचं नाही. आयत्या वेळी ते गहिवरतील, तो फोटो!

आदल्या दिवशी गुपचूप बेंबळीला जाऊन मी एकेकाला सांगितलं, "उद्या तुम्ही काम करायचं नाही. उद्या तुमचा मान आहे. सकाळी टेम्पो येईल, फक्त बसायचं."

टेम्पो कुठला? गावात होता तो एकच. रोज सकाळी दूध गोळा करून भट्टीवर नेणारा. ड्रायव्हरला मी म्हणालो, "उद्या कॅन नकोत. माणसं आण."

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं!

उद्घाटनाला काय गर्दी! दहा फेटे रांगेत. मी माईक धरला आणि सुटलो. 'ब्रँड म्हणजे विश्वास' या वाक्यावर टाळ्या पडल्या, तेवढ्यात गर्दीतून सलीमभाई घुसले. अंगावर भट्टीवरचा बनियन, पायात एकच चप्पल.

"साहेब, फोन का उचलत न्हाय? पहाटेपासून कढई तापवून बसलोय. दूध कुठंय?"

मी अभिमानानं हात केला. "हे काय! सगळे इथंच आहेत!"

सलीमभाईंनी फेट्यांकडं पाहिलं. फेट्यांनी माझ्याकडं.

"दगडूतात्या," सलीमभाईंनी पहिल्या फेट्याला विचारलं, "दूध?"

"डेअरीला घातलं की. साहेबच म्हणले, आज काम न्हाय."

आणि हे सगळं माईकवर! लोक हसता हसता खाली बसले. काहींना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. वन्स मोअर आला हो!

अकराला जाधवमामा हजर. मी त्यांना बाजूला घेतलं आणि समोरच्या दुकानातले पेढे आपल्या डब्यात भरून द्यायचं हळूच सुचवलं. होय, मीच! भेसळीवर आयुष्यभर लेखमाला लिहिणारा मी!

सलीमभाईंनी ऐकलं. "डबा तुमचा आसंल, साहेब. पेढा माझ्या नावाचा हाय." मग मामांपुढं हात जोडले. "पेढा न्हाय, मामा. चूक आमची. दुसरीकडनं घ्या, पण आमचा म्हणून वाटू नका."

मामा पाठ फिरवून निघून गेले. त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सलीमभाईंच्या मोटारसायकलवर मागं बसून मी बेंबळीला गेलो. भट्टीवर पोचलो तर कढई रटरटत होती! रेहानाभाभींनी कुणाची वाट पाहिली नव्हती. दूध गावातल्या डेअरीला गेल्याचं कळताच, टँकर यायच्या आत तिथं जाऊन त्यांनी कॅन थांबवले होते आणि बैलगाडीत घालून आणले होते.

"भाभी, तुम्ही..." मी सुरू झालो.

"भाषण नको, भाईसाब. लाकडं सारा आत."

सारली. दीड तास सारली!

पेढे तीनला येडशीत पोचले. मामांनी दुसरीकडून काहीच घेतलं नव्हतं. साखरपुडा नुसत्या साखरेवर उरकला होता. पण पाहुणे अजून मांडवातच होते. सोनेरी डबे धाराशिवलाच राहिल्यानं पेढे गेले होते भाभींच्या भाकरीच्या स्टीलच्या डब्यातून. मामांनी एक तोंडात टाकला. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लग्नालाबी तुमचाच. पण याच डब्यातनं आणा. त्या सोनेरीवर माझा भरवसा न्हाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी : 'ताज्या पेढ्यांवर ग्राहकांची झुंबड.' मीच उद्घाटनाच्या आदल्या दिवशी लिहून दिली होती. कार्यक्रमाआधी बातमी देणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं झापत आलोय, हेही सांगून टाकतो.

सलीमभाईंनी मला काढलं नाही. काम तेवढं बदललं. आता रोज पहाटे मी दुधाच्या टेम्पोत पुढं बसतो आणि दारोदार कॅन घेतो. आणि रोज, अगदी रोज, दगडूतात्या कॅन अर्धवट उचलून थांबतात, माझ्याकडं निरखून बघतात आणि विचारतात,

"साहेब, आज सत्कार न्हाय न्हवं? आसंल तर सांगा, डेअरीला घालतो."