जीजाजी, गटार आणि माझी इटालियन गाडी

साबणाची वडी घासून संपली, तरी हाताचा गटाराचा वास जात नाहीये. शी!

माझी जुनी इटालियन मोटरसायकल तुम्हाला माहीतच आहे. आवाज असा की जीव खुश, पण तिचा ब्रेक डाव्या पायाखाली आणि गिअर उजव्या.

आज ताईचे मिस्टर चक्कर मारायला निघाले. मी समजावू लागलो तर म्हणे, "काहून रे, मले शिकवून राहिला? बीस साल से चला रहा हूँ!"

वळणावर जीजाजींनी ब्रेक समजून उजवा पाय दाबला आणि गाडीसकट उघड्या गटारात! इंजिनाच्या फटींतून काळा गाळ आणि गुटख्याच्या पुड्या मी बोटांनी काढल्या.

ताई बोलत नाहीये, कारण मी आधी गाडी उचलली.

खरं सांगा, तुम्ही कोणाला उचललं असतं?