क्षमायाचनेने पुसलेले कारण

मुलांनो, परवा तुमच्यातली धाकटी फोनवर म्हणाली, की गृहपाठ पाठवताना कॉम्प्युटरने तिला ‘काहीतरी चुकले आहे’ एवढेच सांगितले. असले संदेश लिहिणाऱ्यांबद्दल मला जे वाटते त्याला सभ्य मराठीत तुच्छता म्हणतात. ती मी ओसाकात कमावली. कशी, ते सांगते.

नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांना तिथल्या विद्यापीठात संशोधनाचे काम मिळाले आणि मी त्यांची बायको म्हणून गेले. पुण्यात मी सी भाषेत प्रोग्राम लिहीत असे. ओसाकात दीड वर्ष जळणारा कचरा आणि न जळणारा कचरा वेगळा करण्याखेरीज माझ्या डोक्याला काम नव्हते. मग एका लहान कंपनीत आठवड्याचे चार दिवस नोकरी लागली. करार वर्षाचा, मार्चअखेर संपणारा. कंपनी औषधांच्या गोदामांसाठी प्रोग्राम करी. तिथे प्रत्येकाला आडनावापुढे ‘सान’ लावून हाक मारत. मला मात्र ‘ओकुसान’, म्हणजे कुणाची तरी बायको.

आमच्या मुख्य प्रोग्रामरसाहेबांना आपल्या त्रुटीसंदेशाचा फार अभिमान. प्रोग्राम अडला की आधी दोन ओळी छापल्या जात: ‘आपणांस झालेल्या त्रासाबद्दल आम्ही अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो. कृपया आमच्या जबाबदार व्यक्तीस कळवावे.’ त्याखाली यंत्रणेने, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामने, दिलेले कारण, जेमतेम तीन शब्दांचे. त्या दोन ओळींचा मसुदा तीन दिवस चालला होता आणि त्यावर विभागप्रमुखांचा शिक्का होता. कुठली फाइल, काय करताना अडले, याचा पत्ता नाही.

“फाइलचं नाव घालू का?” मी विचारले होते.

“गिऱ्हाइकासमोर फाइलचं नाव काढणं उद्धटपणाचं दिसतं, ओकुसान.”

“मग गिऱ्हाइकानं करायचं काय?”

“आपल्याला फोन.”

“आणि आपण?”

“जाऊन माफी मागायची.”

ते हे गंभीरपणे बोलत होते.

फेब्रुवारीत एका गोदामातला सकाळचा प्रोग्राम बंद पडला. तो आपोआप सुरू होई आणि त्याचे बोलणे पडद्यावर न येता एका फाइलीत साठे. त्या फाइलीत साहेबांची क्षमायाचना होती आणि खाली कारण होते: ‘टाइपरायटर नाही’.

सकाळी सगळे उभे राहून दिवसाचे काम ठरवत, तेव्हा साहेब म्हणाले, “टाइपरायटर म्हणजे कीबोर्ड. माहिती वाचण्याचा भाग ओकुसाननी लिहिलाय. दोष तिथेच आहे.”

त्या प्रोग्रामला कीबोर्ड नव्हताच. हे समजायला शाळकरी बुद्धी पुरली असती, पण खोलीतल्या नऊही जणांनी माना डोलावल्या. विभागप्रमुखांनी मला शिमात्सुशो लिहायला सांगितले. शिमात्सुशो म्हणजे चूक कबूल करून, शिक्का मारून द्यायचा कागद. फेब्रुवारीत तो लिहिणाऱ्या हंगामी माणसाला एप्रिलमध्ये कुणी बोलावत नाही, हे मला चहा देणाऱ्या बाईंनीही हळूच सांगितले.

घरी तुमचे आजोबा म्हणाले, “लिहून टाक ना. इथली पद्धतच आहे. सगळेच लिहितात.”

“शेजारच्याचा प्रयोग फसला म्हणून तुम्ही लिहिलंत कधी?”

ते भात कालवत राहिले. त्यांना खरेच कळत नव्हते की ही नोकरी गेली तर मी पुन्हा कचऱ्याच्या दोन पिशव्यांपाशी येणार होते.

आता थोडे शिकवते, कंटाळू नका. प्रोग्राम स्वतः फाइल उघडू शकत नाही. तो यंत्रणेला विनंती करतो. तिला सिस्टिम कॉल म्हणतात. यंत्रणेने नकार दिला तर नकाराचे कारण ती एका पाटीवर आकड्यात लिहिते. सी भाषेत त्या पाटीचे नाव एर्नो. पाटी एकच. पुढच्या कामात काही अडले की जुने पुसून नवे लिहिले जाते. म्हणून शहाण्या माणसाने नकार मिळताच आधी पाटी वाचावी, आकडा बाजूला टिपून ठेवावा, मग काय ते बोलावे.

दुसऱ्या दिवशी मी एक फाइल मुद्दाम उडवली आणि प्रोग्राम चालवला. पडद्यावर क्षमा आली, खाली कारण: ‘अशी फाइल नाही’. अगदी बरोबर. मग गोदामातल्यासारखे त्याचे बोलणे फाइलीत साठवले. क्षमा तीच, कारण मात्र ‘टाइपरायटर नाही’. म्हणजे चूक छापण्यातच होती. पहिली ओळ छापण्यापूर्वी सी भाषेचे छापण्याचे साधन यंत्रणेला विचारून घेते, की समोर पडदा आहे की फाइल. फाइल असली तर त्या चौकशीला, पडद्याच्या जागी टाइपरायटर असायचे त्या काळचे उत्तर मिळते, ‘टाइपरायटर नाही’, आणि पाटीवर तेच उरते. साहेब आधी माफी मागत होते, मग कारण वाचत होते. आणि माफी मागता मागताच कारण पुसले जात होते.

खरे सांगायचे तर पुण्यात मी स्वतः नुसते ‘एरर’ छापत असे. त्याचीही आता लाज वाटते. पण मी निदान खोटे कारण छापत नव्हते.

मी प्रोग्रामला आकडा आधी टिपून ठेवायला लावले, संदेशात फाइलचे नाव घातले, आणि फ्लॉपी गोदामात पाठवली. संध्याकाळी तिथल्या कारकुनाने फोनवर संदेश वाचून दाखवला: साठ्याची अमुक फाइल उघडता आली नाही, परवानगी नाही. ती फाइल ज्या फोल्डरात होती, तो आदल्या आठवड्यात साहेबांनीच गोदामात जाऊन यंत्रणेच्या मुख्य अधिकाराने नवा केला होता. त्यामुळे रोजच्या प्रोग्रामला त्यात शिरायला मनाई होती. दुरुस्ती एका ओळीची निघाली.

विभागप्रमुखांनी दातांमधून हवा ओढली. कठीण प्रसंगी ते एवढेच करत.

“कागद तर द्यावा लागेल,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकाला काल तुमचंच नाव सांगितलंय.”

साहेब खिडकीबाहेर पाहत होते.

“देते,” मी म्हणाले.

पहिल्या ओळीत मी लिहिले, काय करताना प्रोग्राम अडला. दुसरीत फाइल. तिसरीत कारण, आणि फोल्डर कुणाच्या भेटीत झाला ते. क्षमा सर्वांत शेवटी, एका वाक्यात.

“क्षमा खाली?” विभागप्रमुख चपापले. “ती पहिली असते, ओकुसान.”

“पहिली लिहिली की कारण पुसलं जातं. प्रोग्राममध्ये करून दाखवू?”

त्यांनी नको म्हटले. बराच वेळ कागद पाहून शिक्का मारला आणि तो साहेबांकडे सरकवला. साहेबांनी शिक्का इतका हलका टेकवला की ठसा उमटलाच नाही. “दिसत नाही,” विभागप्रमुख म्हणाले. साहेबांना तो दुसऱ्यांदा मारावा लागला.

कुणी मला शाबास म्हटले नाही, आणि त्या खोलीतल्यांची शाबासकी मला नकोही होती. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नवा करार माझ्या टेबलावर पालथा ठेवलेला सापडला. आणखी एक वर्ष. आणि कामांच्या यादीत एक नवी ओळ होती, सर्व प्रोग्राममधले त्रुटीसंदेश तपासणे. मी सही केली, शिक्का मारला, आणि पहिल्यांदा साहेबांच्या फाइली उघडल्या. त्यांत एकतीस ठिकाणी कारणाच्या आधी क्षमा मागितली होती. मी ती काढली नाही. प्रत्येक ठिकाणी कारणाच्या खाली नेऊन ठेवली.