परतूरला उतरवणारा रेगमाल

दुर्गाबाईला हळू बोलता येत नसे. तिचाही इलाज नव्हता म्हणा. अर्धा जन्म खरादाशेजारी गेला. लाकडाची घरघर, पटाशीची किरकिर आणि वर नवऱ्याचं 'ओढ, ओढ', एवढ्या सगळ्यावर मात करून बोलायचं तर घसा ताणूनच बोलावं लागतं. जालन्यातल्या मस्तगडच्या त्या गल्लीत ती शेजारणीला मीठ मागायची तर चार घरं पलीकडची बाई मीठ घेऊन यायची.

नवरा कडूबा लाकूड कातायचा. घराणं शेतकऱ्याचं, पण भावांच्या वाटण्यांत याच्या वाट्याला बांधच जास्त आले, म्हणून जालन्यात येऊन एका बुजुर्ग मुसलमान खराद्याकडे तो हे काम शिकला. निजामाचं राज्य होतं, यंत्रं कापसाच्या कारखान्यांत; घरोघरचा खराद हातावर चाले. लाकूड दोन खिळ्यांमध्ये अडकवायचं, त्याला दोरीचा वेढा द्यायचा, एकाने दोरी मागेपुढे ओढून ते फिरवत ठेवायचं आणि दुसऱ्याने हत्यार धरायचं. हत्यार धरणारा तो खरादी. दोरी ओढणारीला काही नाव नव्हतं. लोक म्हणत, कडूबाने काय सुरेख लाटणं काढलंय! लाटणं फिरवलं कुणी, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही, आणि दुर्गाबाईनेही कधी तक्रार केली नाही. ती आपली ओढता ओढता आगगाडी चालवायची.

म्हणजे असं. तिचं माहेर परतूर. लग्न होऊन ती पहिल्यांदा गाडीत बसली आणि जालन्याला उतरली, तेव्हा वाटेतली सगळी स्टेशनं तिने तोंडपाठ केली. परत जायची वाट ठाऊक असावी, हा त्यामागचा हिशेब. पुढे दोरी ओढताना तीच नावं, परतूरच्या पुढची परभणीपर्यंतचीही, ती घोळून घोळून म्हणायला लागली. "जालनाऽ... सारवाडीऽ... कोडीऽ... रांजणीऽ..." एकेका नावाला दोरीचे पाच-सात हेलपाटे व्हायचे. हत्याराचं काम तसं पटकन उरकायचं; खरा वेळ खायचा तो रेगमाल. लाकूड गुळगुळीत करायला वाळूचा खरखरीत कागद लावतात, त्याला आमच्याकडे सगळे रेगमाल म्हणतात. कडूबा बाजारातला सगळ्यात स्वस्त रेगमाल आणायचा. तो लावला की परडगाव जायचं, परतूर जायचं, सेलू जायचं, मानवत जायचं, आणि परभणी आली तरी लाकडावरचे ओरखडे काही जायचे नाहीत. दुर्गाबाईचा उजवा खांदा मात्र सेलूलाच उतरून बसायचा.

त्या साली तिची एकुलती एक लेक उषा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सासर सेलूचं. विहीणबाई चतुराबाई मनाने वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. लग्नातच त्यांनी ऐकलं होतं की उषा लहानपणी पाळण्यात नाही, झोळीत वाढली. तेव्हा त्या चारचौघींत म्हणाल्या होत्या, "अगं बया! खराद्याची लेक, गावाला पाळणे पुरवणार नि सोता झोळीत?"

सगळ्या हसल्या. दुर्गाबाईही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पण तो शब्द तिला लागला, कारण तो खरा होता. घरात पाळण्यांच्या दांड्यांचा ढीग पडलेला असायचा आणि त्यांतली एकेक दांडी दुसऱ्याच्या लेकरासाठी निघून जायची. तिने मनात धरून ठेवलं होतं: उषाचं लेकरू बारशाला पाळण्यातच जाईल, झोळीत नाही.

उषाला मुलगी झाली. दुर्गाबाईने ही बातमी अंगणातून सांगितली, त्यामुळे वेगळी साखर वाटत फिरायची गरज पडली नाही. बारसं चार दिवसांवर आलं तेव्हा कुठे कडूबाने गिऱ्हाइकांच्या कामातून सवड काढली आणि पाळण्याच्या दांड्या कातल्या. हेदाचं पिवळसर लाकूड, मण्यांची घडण, बघत राहावं अशी. पण त्याने नेहमीचा कागद लावला, वर लाखेची लाल कांडी फिरवली, आणि सगळे ओरखडे लाखेखालून केसांसारखे उठून दिसायला लागले. दुसऱ्या दांडीला कागद लावला तर त्याची वाळू सरळ गळून खाली पडत होती. दुर्गाबाई परभणी ओलांडून पुढे गेली, आणि तिच्या खांद्यातून अशी कळ आली की दोरी हातातून सुटली.

कडूबा म्हणाला, "उषाची माय, ह्या बारीला झोळीच बांधू. पाळणा मागून करू सावकाश."

"झोळी?" दुर्गाबाई ओरडली. आत बाळ दचकून रडायला लागलं. "इहिणीच्या म्होरं पुन्हा झोळी? अवं, काय बोलून राह्यलात! पैसे द्या इकडं. रेगमाल म्या आणते."

"रेगमाल बायकांनी घ्यायची चीज हाय का?"

"ओढायची हाय ना बायकांनी? मंग घ्यायची बी."

 कडूबाने कनवटीचे पैसे काढून दिले आणि दुर्गाबाई पदर खोचून सदर बाजाराकडे निघाली. रस्त्यात भेटेल त्याला सांगत गेली, नातीच्या पाळण्याला रेगमाल आणायला चाललेय. एवढ्या थाटात कुणी सोनं आणायलाही गेलं नसेल.

पुंजारामशेटचं दुकान कुलपं, खिळे, सरस असल्या सामानाचं. कडूबा तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक. बाईमाणूस आत आलेलं पाहून शेट म्हणाले, "बाई, चाळणी शेजारच्या दुकानात मिळती."

"चाळणी न्हाई, रेगमाल दावा. हाय तेवढे सगळे."

शेटनी आधी लाल कोंबड्याचं चित्र छापलेला कागद काढला. "ह्योच नेतो तुमचा मालक. सस्ता बी, फस्क्लास बी." दुर्गाबाईने तो घेतला आणि चपाती दुमडावी तसा दुमडला. तळहातावर वाळूचा रवा सांडला. तिने तळहात शेटच्या नाकापुढे धरला.

"ह्यो कोंबडा तर सगळे दाणे खाली टाकून राह्यला!"

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. शेटनी दुसरा काढला, जरा जाड. तो दुमडला तर दाणे टिकले. शेटना वाटलं सुटलो. तेवढ्यात दुर्गाबाईने डावा हात पुढे केला आणि तो कागद आपल्या हिरव्या बांगडीवर घासायला सुरुवात केली.

"अवं, अवं बाई!" शेट गादीवरून उठलेच. "सवाष्ण तुमी! बांगडी वाढंल ना माझ्या दुकानात!"

"वाढली तर वाढली, कासार बसलाय गावात," असं म्हणून ती बांगडी उजेडाकडे धरून बघत राहिली. बांगडी जशीच्या तशी, चकचकीत. "ह्यो काचेचा भुगा चिकटवलाय, शेट. काच काचंला कशी खाईल? आनी जो काचंला खात न्हाई, तो हेदाच्या लाकडाला बी दमानंच खातो. दम कुनाचा? माझा." काचेला खातो तो कुरुंदाचा कठीण दगड, हे तिला कासारणीशी गप्पा मारून ठाऊक झालेलं. कासारणीशी ती इतकं बोलायची की एव्हाना तिला बांगड्यांचं दुकान टाकता आलं असतं.

आता शेटनाही चेव चढला. त्यांनी फळीवरचं सगळं खाली काढलं. प्रत्येक कागद दुमडून बघायचा, बांगडीवर घासायचा आणि नाक मुरडून बाजूला ठेवायचा. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. हे काय चाललंय ते कुणाला नीट कळेना, पण मजा येत होती. शेवटी खिळ्यांच्या पिंपामागून शेटनी एक मळकट, तपकिरी गुंडाळी ओढून काढली. त्यावर ना कोंबडा, ना चित्र. जाड कापडावर दाणा बसवलेला. कापसाच्या कारखान्यात यंत्र घासायला मागवलेल्या मालातला उरलेला तुकडा होता, महाग म्हणून कुणी नेत नव्हतं.

दुर्गाबाईने तो दुमडला. एक दाणा हलला नाही. बांगडीवर एकदाच फिरवला, आणि हिरव्या काचेवर पांढरा शुभ्र ओरखडा उमटला.

"खाल्ली!" ती ओरडली. "खाल्ली हो, बांगडी खाल्ली!"

दारातल्या लोकांनी काही न कळता जयजयकार करायचा तेवढा बाकी ठेवला. पण भाव ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. कडूबाने दिलेल्या पैशांत कोंबड्याचा गठ्ठा आला असता, आणि याची जेमतेम हातभर पट्टी येत होती. पट्टी मध्येच संपली तर पाळणाही गेला नि पैसेही गेले, आणि बारशाला चतुराबाईच्या पुढ्यात झोळी.  तिचा आवाज येईना तेव्हा शेटच घाबरले.

"घ्या ना कोंबडाच, बाई. पुरंल तरी."

"कागद सस्ता हाय शेट, खांदा न्हाई," ती म्हणाली. "द्या ती पट्टी. आनी फाडताना जरा सैल हातानं फाडा, नातीचं काम हाय." शेटनी खरोखरच चार बोटं जास्त फाडली.

घरी कडूबाने पट्टी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "एवढ्या पैशात चिंधी आनली?"

"धरा आधी."

त्याच खराब झालेल्या दांडीवरची लाख कडूबाने खरवडून काढली, दांडी परत खरादावर चढवली आणि पट्टी लावली. दुर्गाबाईने दोरी घेतली, डाव्या हाताने, कारण उजवा वर जात नव्हता. "जालनाऽ... सारवाडीऽ..." आवाज बदलला. रोजची खरखर नव्हती, बारीक सळसळ येत होती, आणि लाकडाचा भुगा कणकेसारखा मऊ पडत होता. "कोडीऽ... रांजणीऽ..." उषा बाळाला घेऊन दारात आली. "परडगावऽ..." दुर्गाबाईचा श्वास चढला होता, पण दमाने नव्हे. "परतूर!"

कडूबाने हात वर केला. "थांब."

"काय झालं? फाटली?"

त्याने दांडीवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग तिचा हात ओढून दांडीवर ठेवला. एक रेघ लागत नव्हती. "झाली की गं," तो म्हणाला. "परतूरलाच झाली!"

"परतूरला उतरले! उषे, तुझी माय माहेरी उतरली गं!" दुर्गाबाई असं ओरडली की सगळी गल्ली गोळा झाली. मग दोघांना थांबवेना. पट्टी भरली की झटकायची, परत लावायची. कापड फाटायचं नावच घेत नव्हतं. सगळ्या दांड्या परतूरला उतरल्या, एखादी आडमुठी पुढच्या सातोना स्टेशनापर्यंत गेली एवढंच. लाख चढली ती आरशासारखी. आणि पट्टी उरली. ती दुर्गाबाईने देव्हाऱ्यात हळदी-कुंकवाच्या करंड्याशेजारी नेऊन ठेवली.

बारशाला चतुराबाई सेलूहून आल्या. पाय धुऊन झाल्याबरोबर पाळण्याकडे गेल्या. आधी तळहात फिरवला, मग लुगड्याचा पदर घेऊन एकेका दांडीवरून ओढला, कुठे धागा अडकतोय का बघायला. एक धागा अडकला नाही. "बाई बाई! कुठून आनला हो पाळना?"

"जालन्याहून परतूरपातूर ओढत आनलाय, इहीनबाई," दुर्गाबाई म्हणाली, आणि कडूबा इतका हसला की त्याला ठसका लागला.

बायांनी पाळणा म्हटला, मुलीचं नाव ठेवलं द्वारका. पण द्वारकेला काही तो गलका मानवेना. ती रडायची थांबेना. चतुराबाईंनी हलवून पाहिलं, उषाने पाहिलं. मग दुर्गाबाईने पाळण्याची दोरी हातात घेतली. तीच दोरी, तेच मागेपुढे. फक्त समोर लाकूड घरघरत नव्हतं. आपोआप तोंडातून निघालं, "जालनाऽ... सारवाडीऽ..." लेकराचं रडं कोडीला मंदावलं. रांजणीला डोळे जड झाले. परतूर यायच्या आत द्वारका झोपली होती.

कडूबा जवळ आला. पांढरा ओरखडा पडलेली बांगडी त्याने पाहिली, तिचा अवघडलेला खांदा पाहिला. "दे इकडं दोरी," तो म्हणाला. "दुखंल तुला."

"सेलू आलं तरी न्हाई देनार," दुर्गाबाई म्हणाली, आणि ती हे इतक्या हळू म्हणाली की कडूबाला वाकून ऐकावं लागलं.