मावशीच्या तोंडचं नाव

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तिला वाटतं, विलासचं आणि माझं धंद्यावरून फाटलं. फाटलं ते खरंच — पण त्यानंतर मी जे केलं, ते कुणालाच ठाऊक नाही. तुला सांगतो. ऐकून तुला माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे.

मूल गावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विलास शाळेपासूनचा दोस्त, जवळच्याच खेड्यातला. भाताच्या रोवण्यात, म्हणजे लावणीत, बाया गाणी म्हणतात, ती आम्ही दोघांनी कित्येक पावसाळे रेकॉर्ड केली. गाडी माझी, माईक माझा, बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात गुडघाभर उभा राहून तो माईक धरणाराही मीच. विलासची आई, पार्वतामावशी, आधी ओळ उचलायची, बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जेवायला बसलो की ती पोटच्या पोराआधी मला वाढायची.

मग विलास नागपूरला गेला. गाण्यांचं चॅनल काढलं, नाव झालं. एका मुलाखतीत त्याला विचारलं, सोबत कोण होतं? एकटाच फिरलो, म्हणाला. एकटाच! मी दुकानात गिऱ्हाइकासमोर मोबाईलवर ते ऐकत होतो. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला त्या दिवशी कळलं. आजही सांगताना अंग तापतं — लपवू कशाला?

त्याच वर्षी मावशी गेली. नंतर विलास आमच्या रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क घेऊन दुकानात आला, सोबत त्याचे वडील, तुळशीरामभाऊ. डिस्क लावली की टिकटिक करायची, उघडायची नाही. चॅनलवर टाकलेली गाणी शाबूत होती. विलासला उरलेली हवी होती. भाऊंना मात्र त्यातलं एकच हवं होतं.

कसं सांगू? आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मावशीनं अख्खा संसार 'अवो, आयकता का' वर निभावला. पण एका रोवण्यात बाया हट्टाला पेटल्या — नाव घेतल्याशिवाय पुढची ओळ म्हणणार नाही. हातात पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, जुड्या, वाकलेल्या तशाच थांबल्या. शेवटी मावशीनं गाण्यातच ते गुंफलं — तुळशीराम. बाया हसून हसून चिखलात बसल्या. भाऊ तेव्हा पार पलीकडच्या बांधीत पाणी फोडत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. आणि मावशीनं आम्हाला शपथ घातली, हे कुणाला ऐकवायचं नाही. म्हणून ते गाणं चॅनलवर नव्हतं. होतं ते फक्त त्या डिस्कवर, आणि मावशी गेल्यावर विलासनं ते भाऊंना सांगितलं होतं.

'मले तेवढंच आयकाचं हाय, बाबू,' भाऊ म्हणाले. 'तिच्या तोंडून माह्यं नाव मी कधी आयकलंच नाई.'

मरायला टेकलेल्या डिस्कला फार छेडायचं नसतं. आधी जमेल तेवढी तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, मग त्या नकलेतून फायली शोधायच्या. मी तसंच केलं, तिला मधूनमधून थंड होऊ देत. आणि निघालं — जवळजवळ सगळं निघालं. मावशीचा आवाज, बायांचं हसणं, तुळशीराम. त्यात मध्येच माझाही आवाज — मावशी, जराशी इकडं तोंड कर. म्हणजे मी होतो तिथं! एकटाच फिरला म्हणे.

मी विलासला फोन केला आणि सांगितलं, काहीच निघालं नाही.

विलासला धडा शिकवला, असं मी मनाला किती वेळा पटवलं असेल! पण विलासचं काय गेलं? तो थोडे दिवस हळहळला आणि कामाला लागला. वड्याचं तेल मी वांग्यावर काढलं होतं. भाऊ मूलच्या बाजाराला आले की दुकानाच्या पायरीवर बसायचे आणि विचारायचे — निंगलं का? मी नाही म्हणून मान हलवायचो. एकदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. 'तू तं जीव लावून पाह्यलं ना, बस झालं.' आणि मी तो हात राहू दिला.

देणार होतो मी. विलासनं आधी माफी मागावी, मग देऊ — असं ठरवलं होतं. पण ती मुलाखत मी ऐकली, हे तरी त्याला कधी बोललो का? नाही. मग तो माफी मागणार कशाची?

मूळ डिस्क नक्कल उतरवतानाच कायमची बंद पडली होती; नकलेची डिस्क मी लोखंडी कपाटात मागे सारून ठेवली. गिऱ्हाइकाला रोज सांगतो, बाबा रे, दोन ठिकाणी ठेव. हिची दुसरी प्रत मी काढलीच नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवर कुणाच्या नजरेला पडली असती तर? लपवायची वस्तू दोन जागी ठेवायला माझी छाती झाली नाही.

मागच्या पावसाळ्यात कळलं, भाऊ अंथरुणाला खिळलेत. तेव्हा कुठे मी कपाट उघडलं. डिस्क लावली — दिवा लागला आणि विझला. पुन्हा लावली. केबल बदलली, कॉम्प्युटर बदलला, मला येत होतं नव्हतं ते सगळं केलं. शेवटी नागपूरच्या एका कारागिराकडे पाठवली, त्यानंही हात टेकले.

मग मी रिकाम्या हातानं भाऊंना भेटायला गेलो. फार खंगले होते, पण मला लगेच ओळखलं.

'निंगलं का, बाबू?'

'नाई निंगलं, भाऊ.'

या वेळी ते खरं होतं. भाऊंनी मान हलवली. मग लेकीला हाक मारून माझ्यासाठी चहा मांडायला सांगितला. मी तो प्यालो आणि घरी आलो.